फिलूमावशीची तारीख

रविवार, ६ नोव्हेंबर १९८३

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. चर्चमधली रविवारची दुसरी मिस्सा नुकती सुटली होती. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीला भास झाला.

इनास गाडीवाला चर्चच्या पायऱ्यांवर चढला. टाळ्या वाजवून बायकांना थांबवलं आणि सांगून टाकलं की मार्चमध्ये जायची मद्रासकडच्या वेलंकनीची गाडी आता याच महिन्यात, २८ तारखेला पहाटे निघणार. भाडं ठरलं होतं त्याहूनही उतरवलंय. "आणि तारीख काय माझ्या डोक्यातली नाही हां," म्हणाला. "ही फिलूमावशीची तारीख आहे. डोळे मिटून बसा."

फिलूमावशी तेव्हा क्रुसापाशी उभी होती. हाक मारली असती तर ऐकू आलं असतं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. माझं नाव मात्र पायऱ्यांवरून उधळलं, लग्नात बँडवाल्यांवर नोटा उधळतात तसं.

मार्च मी ठरवला होता. तेव्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ असतो, त्यात आमच्यात लग्न लागत नाही. लग्न नाही म्हणजे वऱ्हाड नाही, आणि वऱ्हाड नाही म्हणजे इनासच्या गाड्या चिंचेखाली धूळ खात उभ्या. तेव्हा गाडी मागायला जावं. निम्म्यात मिळते, वर तोच चहा पाजतो. अकरा वर्षं मी गिरीजच्या बायकांना असंच फिरवलं. गोवा उपवासकाळात. वांद्र्याची माउली जत्रा संपल्यावरच्या आठवड्यात. म्हैसूर शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणाला कधी उभं राहावं लागलं नाही, कुणी लुबाडलं गेलं नाही. म्हणून गावात म्हणतात, फिलूमावशीची तारीख.

नाताळाआधीच्या आगमनकाळातही लग्नं बंद असतात, हे इनासला आता सुचलं. २७ला आगमनकाळ लागतो. २८ला गाड्या रिकाम्या.

जेवणवेळेपर्यंत सगळ्या सीट भरल्या. पहिली मोनिकाची. माझीच बहीण!

सोमवार, ७ नोव्हें.

स्टेशनजवळच्या त्याच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे टेबल, कॅलेंडर आणि इनास.

"या मावशी, या. लिम्का मागवू?"

"लिम्का नको. माझं नाव का घेतलंस?"

"तुमचीच तर विद्या. लग्नं बंद, गाडी स्वस्त. मी फक्त तीन महिने अलीकडे ओढलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतंत." आणि हसला. निदान प्रामाणिकपणे हसला. मग म्हणाला, "तुमचं नाव घेतलं की बायका घासाघीस करत नाहीत. मला गाडीचे हप्ते भरायचेत, मावशी. महिनाभर चिंचेखाली उभी करून चालत नाही. आणि तुमची फुकटची सीट आहेच की. खिडकीची."

म्हटलं, रविवारी त्याच पायऱ्यांवर उभा राहा आणि सांग की ही तारीख माझी नाही. "बघू," म्हणाला. वसईत 'बघू'चा अर्थ काय होतो ते मला साठीत कुणी शिकवायला नको.

मी जाणार नाही. खिडकीची सीट घाल चुलीत.

गुरुवार, १० नोव्हें.

भात कापून झालं, खळ्यावर उडव्या उभ्या आहेत. कापल्या शेतात वाल पेरायची घाई चाललीय. आकाश असं धुतलेलं की बघवत नाही. दिवाळी गेली, शाळा अजून उघडायच्या आहेत. ज्याला त्याला वाटतंय, फिरायला जावं तर आताच.

पाचूबंदरची कोळीण आली होती. बोंबील देता देता तिनेही ऐकवलं, "जा की बाय बहिनीबरोबर. पाऊस गेला, दर्या निवला. आता कसला भ्याव?"

"तिकडचा दर्या वेगळा आहे गं."

"पानी ते पानीच. आमचा निवला नि तिकडचा काय उसळतोय?"

हसले मी. पण ती गेल्यावर बोंबील धुताना तेच मनात घोळत राहिलं. नोव्हेंबर आणि तो किनारा, हे दोन शब्द शेजारी आले की काहीतरी टोचतं. काय ते सापडत नाही. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधावा तसं झालंय.

मोनिका सुकेळी बांधतेय. उन्हात वाळलेली राजेळी केळी, पानात गुंडाळून, प्रवासासाठी. अंगणात तिचं गाणं ऐकू येतं. गेल्या जुलैपासून ती गायली नव्हती.

शनिवार, १२ नोव्हें.

सापडलं.

वाल सोलत होते. पलीकडच्या डॉक्टरांच्या घरी टेलिफोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. वाजून वाजून थांबला. आणि मला फळा दिसला.

मी नोकरीला होते त्या मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमधला, बाहेरगावच्या बंद टेलिफोन लाइनींचा फळा. ड्यूटीवर आलं की आधी त्याच्याकडे बघायचं, मग कानाला हेडफोन. जून ते सप्टेंबर त्यावर आपल्याकडची गावं. महाड, रत्नागिरी, सावंतवाडी. मग दसऱ्याला फळा कोरा व्हायचा. आणि दिवाळीचे दिवे विझले की एकेक नाव खडूने उमटायचं. कडलूर. तंजावर. नागपट्टणम. दर वर्षी. पहिली काही वर्षं मी बोर्डावर होते, नंतर सुपरवायझर म्हणून तीच नावं माझ्या हाताने लिहिली. सुक्या मासळीचा एक व्यापारी रोज अर्जंट कॉल लावायचा आणि रोज मी सांगायचे, सॉरी सर, लाइन डाउन. एकदा तो रडला. त्याची माणसं तिकडे होती.

तेव्हा मी काय म्हणायचे? मद्रासवाले आळशी, खांब दुरुस्त करत नाहीत.

त्यांचा पाऊस तेव्हा असतो. आपला जातो तेव्हा त्यांचा येतो, वादळं घेऊन. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी नकाशावर छडी ठेवून इंग्रजीत शिकवलं होतं, परतीचे वारे, कोरोमंडलचा किनारा. मला भूगोलात पैकीच्या पैकी. घडाघडा म्हणून दाखवायचे. पण पाठ केलेलं ट्रंकेत कपडे भरताना कधी आठवतं का? वसईच्या माणसाला पाऊस एकच. आपला संपला की जगाचा संपला.

नागपट्टणमहून वेलंकनी हाकेवर आहे.

रविवार, १३ नोव्हें.

मिस्सेनंतर मोनिकाच्या ओटीवर गेले. सिंथियाला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. दहा महिन्यांची पोर, आईबाप दोघं कुवेतला, पोर आजीच्या पदरात. जुलैत न्यूमोनियाने निळी पडली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून मोनिकाने नवस केला, वर्षाची व्हायच्या आत वेलंकनी मातेच्या पायावर घालीन. वाढदिवस तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला. म्हणजे माझा मार्च तिला उशिराचा होता. चार महिने गप्प बसली, मला एका शब्दाने बोलली नाही. इनासने तारीख अलीकडे ओढली तर त्यात तिला वेलंकनीच्या आईचा हात दिसतो.

सगळं सांगितलं. फळा, वारे, नागपट्टणम.

"बाय, तू तिकडे कधी गेलीस?"

"नाही गेले. पण..."

"मग? खुर्चीत बसून फळा बघितलास."

"सदतीस वर्षं बघितला."

"आणि सदतीस वर्षांत एकदा तरी घरी येऊन सांगितलंस का, की तिकडे वादळं होतात? आज बरी आठवण झाली. इनासने तुला डावललं तेव्हा."

हे तिने पेजेचा चमचा न थांबवता म्हटलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण पोर हसत होती, तोंडभर पेज, आणि मी उठून आले.

मोनिका माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिला शाळेत मी हाताला धरून नेली. आणि आता ती मला

जाऊ दे.

इनासने पायऱ्यांवरून काही सांगितलं नाही, हे वेगळं लिहायला नकोच.

मंगळवार, १५ नोव्हें.

गिरणीत दळण घेऊन गेले. मी आत शिरल्यावर बोलणं थांबलं. पट्टा तेवढा फडफडत होता.

मग कात्रीनने सुरुवात केली. तिची सीट मोनिकाच्या मागे आहे. "काय मावशी, वादळ येणार म्हणे?"

"येऊ शकतं. त्यांचे पावसाळ्याचे दिवस आहेत हे."

"आमचे पैसे भरून झाल्यावर बरं कळलं तुम्हाला."

दुसरी म्हणाली, तोंडाला पदर लावून, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "फुकटची सीट गेली ना. वादळ येणारच."

सगळ्या हसल्या. गिरणीवालाही.

फुकटची सीट मी घेत होते. का नाही घ्यायची? चाळीस बायका गोळा करायच्या, कुणाला डबा लागतो, कुणाला पुढची सीट, कुणाची सासू नको म्हणते, ते सगळं मी निस्तरायचं. त्याची एक सीट मला जड नव्हती आणि त्यांनाही आजवर नव्हती. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं. पण सुनावताना कळत होतं की जिंकते आहे ते भलतंच भांडण. चाळीसातली एकही सीट रिकामी झाली नाही.

वाईट हे की त्या इनासवर विश्वास ठेवत नाहीत. इनासला गावात कुणी उधार बिडी देणार नाही. त्या विश्वास ठेवताहेत तो माझ्यावर. पायऱ्यांवर माझं नाव ऐकलं आणि निश्चिंत झाल्या. आता मीच येऊन नको म्हणते, तर म्हणतात, ही फिलूमावशी नव्हे, हिचा मत्सर बोलतोय.

बुधवार, १६ नोव्हें.

चर्चच्या फादरकडे गेले. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, ते नेहमीच ऐकून घेतात. मग म्हणाले, "आईच्या दर्शनाला निघालेल्यांना आई सांभाळते, फिलोमेना."

"मग गाडीला ब्रेक कशाला बसवतात, फादर?"

ते हसले. मी हसले नाही.

म्हटलं, रविवारी वेदीवरून दोन वाक्यं सांगा. तारीख फिलोमेनाची नाही, आणि तिकडे हे पावसाचे दिवस आहेत. बस, एवढंच.

"इनासचा धंदा आहे. उद्या त्याने विचारलं, फादर, कशावरून, तर मी काय दाखवू? तुझी आठवण?" मग म्हणाले, "लेखी काही असेल तर आण. तुझ्याकडून नको, त्याच्याकडून. मग वाचतो."

बाहेर आले. पुढच्या चौकात एका लग्नाचा मांडव चढत होता. २७च्या आत उरकायची म्हणून या पंधरवड्यात लग्नांची नुसती झुंबड. रोज बँड, रोज फुगे, म्हणजे आमच्या लग्नातले गोल पाव, तळल्याचा वास, रोज इनासच्या गाड्या हळदीच्या हातांचे ठसे घेऊन फिरताहेत. सगळं गाव नाचतंय. आकाशात ढगाचं नख नाही. इतकं स्वच्छ आकाश मला आवडेनासं झालंय.

शनिवार, १९ नोव्हें.

कात्रीनच्या पुतणीचं लग्न. गेले, कारण न गेले असते तर तेही मत्सरात जमा झालं असतं.

वऱ्हाडाची गाडी पास्कूने आणली होती. इनासकडचा सर्वात जुना ड्रायव्हर, गोव्याला दोनदा आम्हाला त्यानेच नेलं. दर वेळी उडी मारून खाली येतो, "मावशी, या वर्षी कुठे?" आज मला बघून इंजिनाचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसला. इंजिन बंद होतं.

ताटात फुगे घेऊन त्याच्याकडे गेले. "पास्कू, वेलंकनीला तू नेणार?"

"माहीत नाय."

"कधी गेला होतास तिकडे?"

"मावशी, मला नका ना विचारू. पोटावर पाय येईल."

मग मी विचारलंच. ज्या माणसाला काही सांगायचं नसतं तो "नाही गेलो" म्हणतो. "नका विचारू" म्हणत नाही.

झाकणाच्या आतूनच बोलला. गेल्या डिसेंबरला गेला होता. अशीच स्वस्तातली गाडी, आगमनकाळातली, आपल्या गावची नव्हे, खाडीपलीकडची माणसं. येताना नागपट्टणमच्या पुढे रस्ता नाहीसा झाला. "रस्ताच दिसंना, मावशी. पुढे पण पाणी, मागे पण. सीटपर्यंत आलं." माणसं टपावर बसली. गाडी परत आली ती आठवड्याने, आणि इनासने सगळ्यांना सांगितलं की इंजिन बिघडलं होतं.

"माणसं?"

"आली."

"सगळी?"

पास्कूने झाकणातून डोकं काढलं. "एक आजी होती. तिला टपावर चढवताना..." तेवढ्यात नवरानवरी आली, बँड सुरू झाला, कुणीतरी त्याला हाक मारली. तो गेला. जाताना मागे बघितलं नाही.

ताट तसंच हातात राहिलं माझ्या.

रविवार, २० नोव्हें.

म्हणजे इनासला माहीत होतं.

आजवर मला वाटत होतं की तो माझ्यासारखाच अडाणी. वसईचा माणूस, आपला पाऊस गेला म्हणून खूश. तसं नव्हतं. पाणी सीटपर्यंत आलेलं त्याने ऐकलं होतं. गाडी धुऊन घेतली, नवी कव्हरं घातली, आणि या वर्षी पायऱ्यांवर चढताना स्वतःच्या नावाऐवजी माझं घेतलं.

सोमवार, २१ नोव्हें.

ऑफिसात गेले. लिम्का नाही, या बसा नाही. कुणीतरी आधीच पोचवलं होतं.

"गेल्या डिसेंबरला गाडी कुठे अडकली, इनास?"

"इंजिन गेलं होतं."

"पाण्यात?"

"मावशी," एकदम हळू आवाजात बोलायला लागला, "तुम्ही एकट्या राहता. वाडी मोठी, घर टोकाला. उगाच कुणाशी वाकडं कशाला घ्यायचं?"

सदतीस वर्षं ट्रंकवर होते. आमदार, शेठ, दारू प्यायलेले कर्नल, सगळ्यांच्या शिव्या कानात झेलल्या आहेत. त्याला म्हटलं, हळू बोललास तरी ऐकू येतं मला, माझे कान सरकारने तपासलेत.

तेव्हा त्याने खिडकीतून हाक मारली. पास्कू आत आला. अंगणातच उभा होता म्हणजे.

"ही गाडी पास्कूच नेणार आहे. तिकडचा रस्ता त्याच्या पायाखालचा. विचारा त्यालाच माझ्यासमोर. काय रे, काय झालं होतं गेल्या वर्षी?"

पास्कू माझ्या चपलांकडे बघत होता. "काय नाय झालं, मावशी. इंजिन गरम झालं."

"आणि ती आजी?"

"कुठली आजी?" हे इनासने विचारलं. पास्कूने नाही.

पास्कू पोराबाळांचा बाप, त्याच्यावर मला राग धरता आला नाही. इतकी भीती मी एका चेहऱ्यावर फार दिवसांनी बघितली. २८ला त्याच भीतीच्या हातात स्टिअरिंग असणार आणि मागे माझी बहीण.

बुधवार, २३ नोव्हें.

पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. इनासने वेलंकनीला जिथे खोल्या घेतल्यात त्या धर्मशाळेचा नंबर कात्रीनच्या पावतीवर होता, तो तिच्या सुनेकडून लिहून घेतला. फक्त विचारायचं होतं, पाऊस कसा आहे, रस्ता कसा आहे. साधा कॉल लावला, अर्जंटला दुप्पट पडतात. सवय जात नाही.

बाकावर बसून राहिले. खेपेखेपेला पोस्टमास्तर मान हलवत. शेवटी मुंबईची ऑपरेटर लाइनवर आली. माझा आवाज ओळखला तिने. सुलभा! नवी लागली तेव्हा कॉर्ड धरायला मी शिकवलं होतं, आता माझ्या खुर्चीवर बसते.

"मॅडम, तुम्ही? कुठे बोलायचंय?"

सांगितलं.

ती फळ्याकडे वळली असावी. मागे बोर्डाचा तो आवाज, मधमाश्यांसारखा, दोन वर्षांनी ऐकला.

"मॅडम, नागपट्टणम फळ्यावर आहे."

"कधीपासून?"

"कालपासून. तंजावर पण जाऊन येऊन आहे." मग हळूच, "तुमचं कुणी आहे का तिकडे?"

म्हटलं, अजून नाही.

पोस्टमास्तरांनी पैसे घेतले नाहीत, कॉल लागला नाही ना. बाहेर ऊन होतं. घामही येत नव्हता इतकी छान हवा. सायकलवरून एक माणूस फुलं घेऊन चालला होता, लग्नाची.

गुरुवार, २४ नोव्हें.

मोनिकाला सांगितलं. फळा, पास्कू, पाणी, आजी, सगळं. या वेळी तिने मधे तोडलं नाही. बॅग भरत होती. लोकरी टोपी, पावडर, घोंगडं, सुकेळ्यांच्या जुड्या. सिंथियाला फ्रॉक शिवलाय, पांढरा, पायावर घालताना घालायचा.

"पास्कूने तुला सांगितलं, आणि मग इनाससमोर नाही म्हणाला?"

"हो."

"मग कुठला खरा?"

"तुला माहीत आहे कुठला खरा."

ती बॅगेचा बंद लावत बसली. लागत नव्हता. "बाय," शेवटी म्हणाली, "पोर निळी पडली होती. तू नव्हतीस त्या बाकावर. मी शब्द दिलाय. वर्षाच्या आत. आता पाऊस आहे म्हणून मोडू? आई विचारील, तुला मी पावसात सोडली होती का? जुलै होता तेव्हा."

मी म्हटलं, डिसेंबर सरता सरता जाऊ, रेल्वेने जाऊ, मी तिकीट काढते, पूर्ण दराने काढते. पूर्ण दराने! हे शब्द माझ्या तोंडून ऐकून तिने पहिल्यांदा वर बघितलं. क्षणभर वाटलं, जमलं.

"नाताळात गाडीत जागा मिळते होय कधी? तूच सांगतेस सगळ्यांना." मग म्हणाली, "इनासने लिहून दिलं की पाणी आलं होतं, तर मी राहीन. पोरीची शपथ. नुसतं तुझ्या शब्दावर नाही राहणार. तुझ्याच शब्दावर तर निघाल्या ना सगळ्या."

शुक्रवार, २५ नोव्हें.

पत्र लिहिलं. कार्बन घालून, एक त्याला, एक फा.ना. स्वतः नेऊन दिलं, पोच म्हणून त्याच्या हिशेबनीसाची सही घेतली. इनास आतल्या खोलीत होता, खोकत होता, बाहेर आला नाही. पत्रात त्याला तुम्ही म्हटलंय. मला राग अनावर झाला की मी अहोजाहो करते.

मजकूर इथे उतरवून ठेवते.

"श्री. इनास यांस,

रविवार ता. ६ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही चर्चच्या पायऱ्यांवरून माझं नाव घेऊन चाळीस जणींना एक तारीख दिलीत. ती तारीख माझी नाही. मी तारीख निवडते तेव्हा आधी हे बघते की माणूस परत कधी येणार. भाडं त्यानंतर बघते.

गेल्या डिसेंबरात तुमची गाडी वेलंकनीहून येताना कुठे अडकली होती, पाणी कुठवर चढलं होतं, आणि त्या गाडीतून गेलेले सगळे परत आले का, याचं उत्तर मला हवं आहे. इंजिनाविषयी मी विचारलेलं नाही. नागपट्टणमची टेलिफोन लाइन मंगळवारपासून बंद आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर आता झालं. असं असता सोमवारी पहाटे तुम्ही म्हाताऱ्या बायका आणि दहा महिन्यांचं मूल त्या रस्त्यावर का नेत आहात, तेही लिहा. पास्कूला यात ओढू नका. सही तुमची हवी.

तुमचं उत्तर फादर रविवारी पहिल्या मिस्सेला वाचून दाखवणार आहेत. तसं त्यांनी मला सांगितलं आहे. उत्तर आलं नाही, तर ज्या पायऱ्यांवर तुम्ही माझं नाव दिलंत त्याच पायऱ्यांवर उभी राहून मी ते परत घेईन, आणि मला जे ठाऊक आहे ते मोठ्या आवाजात सांगेन. बायका हसतील. हसू देत. त्यातली एक जरी उतरली तरी मला पुरे आहे, आणि ती कोण हे तुम्ही जाणता.

तोंडी निरोप चालणार नाही. कुणाच्या हातून लिम्का पाठवू नये.

उत्तर लेखी द्यावं. उद्या, शनिवार ता. २६ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत."